मायक्रोवेव्ह सुरू केला की वाय-फाय अडकतं? आधी हे करून पाहा

अमरावती-अकोल्यात घरूनच केकच्या, डब्याच्या ऑर्डरी घेता ना? मग हे वाचाच. मायक्रोवेव्ह साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, अन् वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ बँडही तिथलाच. म्हणून नेट अडकतं. मायक्रोवेव्ह बंद करून स्पीड तपासा. सुधारला, तर महागडा प्लॅन घेऊन उपयोग नाही. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडा. हा बँड भिंतीपलीकडे कमी पोहोचतो, म्हणून राउटर कामाच्याच खोलीत, उंचावर ठेवा. कूलरमागे तर नकोच! लोखंडी पत्रा अन् टाकीतलं पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात. शेजारी राउटर जास्त असतील, तर २.४ वर १, ६, ११ पैकी मोकळा चॅनेल निवडा. पेमेंट अडकलं की गिऱ्हाईक थांबत नाही, भाऊ!