धूर नाही, म्हणजे अग्नी नाही का?

मागच्या व्याख्यानानंतर जालन्यातलाच एक तरुण आम्हाला भेटला. वय ३८. वडील पन्नाशीच्या आतच हार्ट अटॅकने गेलेले. त्याने हृदयाचा सीटी स्कॅन करून घेतला होता, रिपोर्टवर ‘कॅल्शियम स्कोअर ०’. म्हणाला, “सर, नळ्या स्वच्छ आहेत. आता सिगारेटचं एवढं काही नाही ना?”

आम्ही काही वैद्यकातले डॉक्टर नव्हे. पण प्रश्न तर्कशास्त्राचा आहे, म्हणून आज तोच घेऊ.

धमनीच्या भिंतीत आधी चरबी साचते, तिथे दाह होतो, आणि पुढे कधीतरी त्या थरात कॅल्शियम बसतं. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी ० आणि हवा उणे १०००. १९९० साली आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी पद्धत बसवली: १३० किंवा त्याहून उजळ दिसेल ते कॅल्शियम धरायचं, ठिपक्याच्या क्षेत्रफळाला उजळपणाप्रमाणे वजन द्यायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. इंजेक्शन नाही, काही सेकंदांचं काम. बेरीज १०० च्या वर गेली की डॉक्टर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं मनावर घेतात.

म्हणजे या तपासणीत दिसतं ते कॅल्शियम. आजार आपण त्यावरून अनुमानाने ठरवतो. न्यायदर्शनातला डोंगर आठवा: धूर दिसला, तर अग्नी आहेच. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. नैयायिक यासाठी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देत. जालनेकरांना ते वेगळं कशाला सांगायचं! रोलिंग मिलमधून लालभडक सळई निघते, तिला धूर कुठे असतो?

तरुण वयातली चरबीची गाठ बऱ्याचदा अशीच, मऊ असते. ती फुटली की वर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. कॅल्शियमची वाट ती पाहत नाही.

मग शून्य फुकट का? नाही. साठीतल्या माणसाचा स्कोअर शून्य आला, तर पुढच्या काही वर्षांचा धोका खरोखरच कमी असतो. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना अशा वेळी गोळ्या लांबवायला मुभा देतात. मात्र मधुमेह, सिगारेट किंवा घरात लवकर आलेला हृदयविकार असेल तर नाही. आमच्या या मित्राकडे त्यातल्या दोन गोष्टी आहेत.

मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी मऊ थरही दाखवते, तीही क्ष-किरणांशिवाय. पण ती करायची का, हे डॉक्टरांनी ठरवावं. त्याला आम्ही एवढंच सांगितलं: बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घे, डॉक्टरांना वडिलांचं वय सांग, आणि सिगारेटची परवानगी या कागदाकडून मागू नकोस.