नवे घर, काळी माती आणि काही हट्टी समजुती

द्राक्षाचा नाहीतर टोमॅटोचा हंगाम साधला की पिंपळगाव बसवंतच्या मळ्यांत नवी घरे उभी राहतात. पाया आणि स्लॅबच्या वेळी घरमालक जातीने उभा असतो. शेवटचे दोन महिने मात्र घाईत निघतात, कारण वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. प्लास्टर, रंग, अंगण, झाडे अशी सगळी कामे एकदम अंगावर येतात आणि ज्याला जे ऐकून माहीत आहे तसे ते उरकले जाते. पुढे भिंतीला आणि बागेला जो त्रास होतो, तो बहुतेक वेळा पाणी नको तिथे गेल्याने किंवा हवे तेव्हा न मिळाल्याने होतो.

प्लास्टर पांढरे दिसू लागले की ते रंगाला तयार झाले, ही सगळ्यांत महागात पडणारी समजूत. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते, म्हणून तर पाणी मारायचे. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित पीपीसीला किमान १० दिवस ओल ठेवायला सांगते. कोरड्या, उष्ण हवेत त्याहून जास्त. प्लास्टरलाही निदान आठवडाभर पाणी हवेच, आणि एप्रिलच्या उन्हात दिवसातून एकदा नळी फिरवणे पुरत नाही. त्यानंतर साधारण चार आठवडे भिंत सुकू द्यावी. नवे प्लास्टर तीव्र अल्कधर्मी असते. त्यावर ऑइल पेंट लावला तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि पापुद्रे सुटतात. भिंत तयार आहे का ते पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव धरले असेल तर रंगाऱ्याला थांबवा. मुहूर्ताला नुसत्या प्रायमरच्या भिंती असल्या तरी पूजा होते.

दुसरी समजूत आहे भेगांची. भेग दिसली की ठेकेदाराने सिमेंट खाल्ले, असे लगेच म्हटले जाते. कधी ते खरेही असते, पण आपल्या भागात आधी मातीकडे पाहायला हवे. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात पडणाऱ्या भेगा शेतकऱ्याला नव्या नाहीत. तीच माती जोत्याखालीही असते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर घराची कड ओली होऊन उचलली जाते आणि मधला भाग कोरडाच राहतो. प्लास्टरवर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा सुकण्यातून येतात, त्यांची भीती नको. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग मात्र मातीची असते. ती पुट्टीने बुजवून उपयोग नाही, अभियंत्याला दाखवावी.

म्हणूनच भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करण्याची हौस मला मुळीच पटत नाही. तिथे रोज पाणी घालणे म्हणजे जोत्याशी एका बाजूने माती फुगवणे. घराभोवती निदान तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी किंवा काँक्रीट असावे आणि वाफे त्यापलीकडे. पन्हळीचे पाणीही तिथेच न सोडता दूर न्यावे.

मग उरलेला राडारोडा. तो बागेत भराव म्हणून पसरवला की काम संपले असे वाटते. पण प्लास्टर आणि सिमेंटचा चुरा मातीत चुना वाढवतो आणि झाडाला लोह मिळेनासे होते. शिरा हिरव्या आणि पान पिवळे, हे चित्र चुनखडीच्या जमिनीत द्राक्षे घेणाऱ्याला सांगायला नको. तरी अंगणातला जास्वंद असा पिवळा पडला की त्याला युरियाच घातला जातो. वरचा सहा-नऊ इंचांचा थर उकरून तुकडे वेचणे कंटाळवाणे आहे, पण ते झाडे लावण्याआधीच होऊ शकते.

काळ्या मातीत फुले येत नाहीत म्हणून लाल माती ट्रकने आणतात. काळी माती कसदार आहे, अन्नद्रव्ये आणि ओल धरून ठेवते; तिची अडचण निचऱ्याची आहे. काळ्या रानात खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत लाल माती भरली तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचे टाके होते आणि मुळे कुजतात. त्यापेक्षा त्याच मातीत भरपूर शेणखत मिसळून वाफा फूटभर उंच करावा.

झाडाची मुळे पाया फोडतात, हे अर्धेच खरे. चांगला पाया मुळे फोडत नाहीत, पण असलेल्या फटीत शिरतात, आणि काळ्या मातीतली ओल ओढून जमीन खाली बसवतात. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोतच. लहान अंगणात कढीपत्ता, लिंबू, पारिजातक पुष्कळ झाले. चिखल नको म्हणून सगळेच अंगण पेव्हर ब्लॉकने झाकू नये: हजार चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी होते. त्याला वाट ठेवली नाही तर ते जोत्याकडेच वळते.

आणि मांडवावर द्राक्षाची वेल. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि डाऊनीसाठी फवारण्या, हे सगळे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली करायचे का, याचा विचार करावा. तिथे मधुमालती किंवा जाई लावा. जूनचा पाऊस जमिनीत मुरला की लगेच लावली तर जानेवारीत निफाडची थंडी पडेपर्यंत मुळे धरलेली असतात.