जांगड आणि फ्री ट्रायल
भाग 6

गेल्या आठवड्यात आपण प्ले स्टोअरवर खातं उघडण्यापर्यंत आलो होतो. 25 डॉलर एकदाच भरायचे आणि ओळख पटवायची. वैयक्तिक खातं 13 नोव्हेंबर 2023 नंतरचं असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस तपासून घ्यायचं. सुरतच्या कतारगामसारख्या वस्तीत बारा माणसं जमवायला एक संध्याकाळ पुरते. अवघड भाग पैशांचा आहे.

आधी कमिशन. साडी किंवा हिरा ॲपवरून विकलात तर प्ले त्यात हिस्सा मागत नाही, कारण ती हातात घेता येणारी वस्तू आहे. पण कारागिरांच्या नगांचा हिशेब ठेवणारं ॲप महिन्याच्या वर्गणीवर दिलंत, तर ती डिजिटल सेवा होते आणि कमिशन लागतं. सुरुवातीला ते 30 टक्के होतं. 1 जानेवारी 2022 पासून प्लेने वर्गणीवरचा दर पहिल्या दिवसापासून 15 टक्क्यांवर आणला. कर बाजूला ठेवला तर 99 रुपयांतले 14 रुपये 85 पैसे स्टोअरचे आणि 84 रुपये 15 पैसे तुमचे. ॲपलकडे वर्षाला 99 डॉलर भरावे लागतात. तिथे छोट्या विकसकांसाठी 15 टक्क्यांची योजना 2021 पासून आहे, पण तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर दुप्पट कमिशन जातं.

यावर भारतात मोठी लढाई झाली. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑक्टोबर 2022 रोजी प्लेच्या बिलिंग सक्तीसाठी गूगलला 936.44 कोटींचा दंड केला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला. मधल्या काळात स्वतःची पेमेंट व्यवस्था लावायची मुभा मिळाली, पण कमिशन घटलं फक्त 4 टक्क्यांनी. पेमेंट गेटवेचा खर्च आणि परताव्याची कटकट धरली, तर एकट्या माणसाला त्यातून फारसं काही सुटत नाही. म्हणून अशा माणसाला मी सांगतो, 15 टक्के भर आणि तुझं डोकं दुसरीकडे लाव. म्हणजे ट्रायलकडे.

कतारगामच्या एका गल्लीत, खाली हिरे घासायच्या घंट्या फिरताहेत आणि वर दोन टेबलांचं ऑफिस आहे अशा जागी, मी एका तरुणाचं ॲप पाहत होतो. वडील रत्नकलाकार, म्हणजे हिरे घासणारे; ॲप मजुरीच्या हिशेबाचं. पैसे मागणारा पडदा त्याने कुठल्याशा लोकप्रिय ॲपवरून उचलला होता. मध्यभागी मोठं हिरवं बटण, ‘7 दिवस फ्री’. त्याखाली करड्या बारीक अक्षरांत रक्कम. कोपऱ्यातली बंद करायची फुली इतकी फिकी की फोन तिरका धरून शोधावी लागली.

मला माझ्या आईचा फोन आठवला. भजनांच्या एका ॲपने तिच्या खात्यातून चार महिने पैसे नेले होते. तिने ॲप कधीच काढून टाकलं होतं, आणि ॲप काढलं की वर्गणीही थांबली असं ती समजत होती. तशी ती थांबत नाही. ती स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन वेगळी बंद करावी लागते. मला आजही त्या चार महिन्यांचा राग येतो.

हिऱ्याच्या बाजारात जांगडचा रिवाज आहे. दलाल पडिकं, म्हणजे आपली पुडी, पसंतीसाठी घेऊन जातो. चिठ्ठीवर वजन आणि भाव लिहिलेला असतो. ‘पसंत’ असा शब्द आल्याशिवाय सौदा पक्का धरत नाहीत. नाही पटला तर माल परत. ट्रायल म्हणजे हेच, फक्त उलटं फिरवलेलं: इथे गिऱ्हाईक गप्प राहिलं की सौदा पक्का होतो.

म्हणूनच नियम इथे कडक आहेत, आणि मला ते हवेसे वाटतात. ट्रायल कधी संपणार, मग किती पैसे आणि दर किती दिवसांनी, बंद कसं करायचं, हे प्लेच्या धोरणानुसार त्याच पडद्यावर स्पष्ट हवं. ॲपमधून वर्गणी बंद करायची सोपी वाटही हवी. स्टोअरच्या त्या यादीची लिंक दिली तरी चालते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान 24 तास आधी ग्राहकाला जायला हवी. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांच्या 13 प्रकारांना मनाई केली, त्यात वर्गणीचा सापळा नावानिशी आहे.

तरुणाने विचारलं, “असं सगळं उघड लिहिलं तर निम्मे लोक सातव्या दिवशी बंद करतील ना, सर?”

करतील काही जण, मी म्हटलं. चहा घेऊन वर आलेले त्याचे वडील ऐकत होते. त्यांनी गुजरातीत एवढंच विचारलं, “पसंत नसलेला माल तू ठेवून घ्यायला लावणार होतास?”

त्याने तिथेच बदल सुरू केला. फुली काळी झाली. बटणाखाली, बटणाच्याच आकाराच्या अक्षरांत ओळ आली: ‘7 दिवसांनी 99 रुपये कापले जातील, मग दर महिन्याला. नको असेल तर इथे दाबा.’ ‘7 दिवसांनी’ काढून तिथे नेमकी तारीख टाक, असं मी सुचवलं. तारीख मोजायचा कोड त्याच्याकडे आधीच होता. मजुरीचा आठवडा तो त्याच कोडने मोजत होता.

पुढच्या आठवड्यात: ऑटोपे फसलं आणि पैसे आलेच नाहीत, तर गिऱ्हाईकाचं ॲप कधी आणि कसं थांबवायचं.