टर्मिनलला रंग द्या. हौस म्हणून नव्हे, चूक टाळण्यासाठी!

काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. इंजिनिअरिंगच्या पोराच्या लॅपटॉपवर हे दिसलं की घरातली मोठी माणसं विचारतात, "अरे, कॉम्प्युटर बिघडला काय?" बिघडलेला नसतो. ते टर्मिनल असतं. माऊसने क्लिक करण्याऐवजी इथे कमांड टाइप करून काम करतात. बेळगाव, निपाणीपासून इंदूर, बडोद्यापर्यंत आपली कित्येक मुलं-मुली रोज याच पडद्यासमोर बसून दूरच्या सर्व्हरवर काम करतात.

या पडद्याचे रंग बदलता येतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते 'टाइमपास' समजून सोडून दिलं जातं. ते किती महागात पडू शकतं, हे आधी पाहू.

३१ जानेवारी २०१७ ला काय झालं?

गिटलॅब ही प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी मोठी सेवा. त्या रात्री तिथला एक इंजिनिअर डेटाबेसची अडचण सोडवत होता. प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर त्याला पुसायचं होतं. कमांड दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, त्याने थांबवलंही. पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं. सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला.

कंपनीने झालेली चूक जगापुढे मांडली आणि सुधारणांची यादी केली. त्यात एक गोष्ट होती: प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट असा करायचा की आपण कुठे आहोत ते चटकन कळावं. म्हणजे आजचा आपला विषयच!

प्रॉम्प्ट म्हणजे काय?

कमांड टाइप करण्याआधी ओळीच्या सुरुवातीला जे दिसतं, तो प्रॉम्प्ट. त्यात बहुधा युजरचं नाव, मशीनचं नाव आणि चालू फोल्डर असतं. लिनक्सच्या बॅशमध्ये तो 'पीएस१' नावाच्या सेटिंगमध्ये साठवतात. दोन्ही अक्षरं कॅपिटल, मग एक हा आकडा. उलटी तिरकी रेघ देऊन यू लिहिलं की युजर, एच लिहिलं की मशीन, डब्ल्यू लिहिलं की फोल्डर दिसतं. इथे तिन्ही अक्षरं स्मॉलच हवीत.

रंगासाठी ठरलेले आकडे आहेत: ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा. ४१ दिलं तर अक्षरांची पार्श्वभूमी लाल होते. शून्य दिलं की सगळं पूर्ववत. लिहायची पद्धत अशी: उलटी तिरकी रेघ, ०३३, चौकटी कंस उघडा, रंगाचा आकडा आणि शेवटी स्मॉल एम. आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे.

एक खोच लक्षात ठेवा. हा प्रत्येक रंगसंकेत \[ आणि \] यांच्या मध्ये ठेवावा लागतो. नाहीतर बॅश त्या न दिसणाऱ्या चिन्हांचीही लांबी मोजतं आणि लांब कमांड लिहिताना ओळ स्वतःवरच चढते.

आधी चालू विंडोत करून पाहा. बिघडलं तर विंडो बंद करा, बदल जातो. जमलं की होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये ती ओळ घाला. त्याआधी फाइलची एक प्रत ठेवायला विसरू नका. मॅकवर २०१९ पासून झेडशेल येतं. त्याची फाइल आणि रंग लिहायची रीत वेगळी आहे, वरची ओळ तिथे चालणार नाही.

लाल कुठे, हिरवा कुठे?

स्वतःचा लॅपटॉप हिरवा, चाचणीचा सर्व्हर पिवळा, ग्राहक वापरतात तो सर्व्हर लाल. एवढा साधा नियम पुरे. मात्र सर्व्हरचा प्रॉम्प्ट हा त्या सर्व्हरवरच्या फाइलमधून येतो, तुमच्या लॅपटॉपवरून नाही. म्हणून बदल तिथे करायचा. कंपनीचा सर्व्हर असेल तर आधी वरिष्ठांना विचारा. 'रूट' होऊन काम करताना रूटचा स्वतःचा प्रॉम्प्ट दिसतो. तिथेही लाल हवाच, कारण खरा धोका तिथेच.

लाल-हिरवा फरक न कळणारी माणसंही असतात. त्यामुळे रंगाच्या जोडीला 'लाइव्ह' असा शब्दही प्रॉम्प्टमध्ये ठेवलेला बरा.

प्रॉम्प्टला हात लावायचा नसेल तर विंडोचा रंग बदला. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबला की सेटिंग उघडतात. तिथे प्रत्येक प्रोफाइलला वेगळा रंग, फॉन्ट, टॅबचा रंग देता येतो. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'रेड सँड्स' ही लालसर प्रोफाइल तयारच असते.

आणि आपली मराठी?

टर्मिनलमध्ये 'क्षितिज' नावाची फाइल पाहिलीत तर अक्षरं फुटलेली दिसण्याची शक्यता आहे. दोष तुमचा नाही. १९७८ च्या व्हीटी१०० या यंत्रावर ८० रकाने आणि २४ ओळी असत. आजचं टर्मिनलही तशाच सारख्या चौकटींवर चालतं: एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला हे सोयीचं. आपली 'क्षि' मात्र क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशा चार खुणांची, त्यात वेलांटी साठवली जाते शेवटी आणि दिसते सर्वांत आधी! शिवाय समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी येते.

उपाय? अक्षरांचा आकार थोडा वाढवा, देवनागरीचा चांगला फॉन्ट सिस्टिमवर ठेवा आणि दोन-तीन टर्मिनल वापरून पाहा. जोडाक्षरं सगळीकडे सारखी दिसत नाहीत. दिसायला फुटलं तरी फाइलचं नाव आत शाबूत असतं. मात्र नीट न दिसणारं नाव पाहून पुसण्याची कमांड देऊ नका. टर्मिनलमधून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते.

तेव्हा मंडळी, आज दहा मिनिटं काढा. पोरं चेष्टा करतील, "काय रंगपंचमी मांडलीय!" करू देत. रात्री दोन वाजता डोळे मिटत असताना तो लाल रंगच तुमचा हात धरेल.