डिकीचा शॉकर पहाटेच का दगा देतो?

गोव्यातून स्वतःच्या मोटारीने महाकालेश्वराच्या दर्शनाला निघणाऱ्या कुटुंबांना उज्जैनपर्यंत सुमारे अकराशे किलोमीटरचे अंतर कापावे लागते. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक आणि इंजिन ऑइल यांची तपासणी बहुतेक जण करून घेतात. डिकीचे दार तोलून धरणाऱ्या दोन काळ्या नळ्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. किनाऱ्यावर वर्षभर निमूटपणे वर राहणारे हे दार माळव्यातील जानेवारीच्या पहाटे, बॅगा भरण्यासाठी कोणी वाकलेले असतानाच, हळूहळू खाली येऊ लागते. काच, पत्रा आणि कुलूप यांच्या वजनासह ते डोक्यावर किंवा लहान मुलाच्या बोटांवर आदळले, तर दुखापत गंभीर ठरू शकते.

गॅरेजमध्ये ज्याला ‘डिकीचा शॉकर’ म्हणतात, तो वस्तुतः गॅसवर चालणारा टेकू आहे. पोलादी नळीत प्रचंड दाबाखाली नायट्रोजन वायू आणि थोडे तेल भरलेले असते. आतील दट्ट्याला बारीक छिद्र असल्याने वायू त्याच्या दोन्ही बाजूंना असतो. तरीही एका बाजूला दांड्याने जागा व्यापल्यामुळे दोन्हीकडील बल समान राहत नाही आणि दांडा सतत बाहेर ढकलला जातो. उदाहरणार्थ, दांड्याचा व्यास ८ मिलिमीटर आणि शॉकरचे बल ४०० न्यूटन असेल, तर आतील दाब सुमारे ८० बार भरतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाची ही जवळपास पस्तीस पट आहे.

बंदिस्त वायूचा दाब तापमानानुसार कमी-जास्त होतो. शॉकरवर छापलेले बल साधारणतः २० अंश सेल्सियसला मोजलेले असते. उज्जैनमध्ये मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, की ४०० न्यूटनचा शॉकर सुमारे ४३० न्यूटन बल देतो. हिवाळ्याच्या पहाटे तो १० अंशांवर उतरला, की तोच शॉकर ३८५ न्यूटनच्या आसपास येतो. दोन्ही शॉकर मिळून हा फरक जवळपास ९ किलो वजनाइतका होतो. नव्या शॉकरमध्ये पुरेशी राखीव शक्ती असल्याने तो जाणवत नाही. मात्र सील झिजून वायू झिरपू लागला, की ही राखीव शक्ती संपते आणि पहाटेचा गारवा तेवढे निमित्त पुरवतो. गोव्यात थंडी आणि उन्हाळा यांतील अंतर बरेच कमी असल्यामुळे हा दोष तेथे दीर्घकाळ झाकलेला राहतो.

उन्हाळ्यात याच्या उलट घडते. उज्जैनचा २०१६चा सिंहस्थ एप्रिल-मे महिन्यांत भरला होता. पुढचा २०२८ मध्ये आहे. अशा उन्हात थकलेला शॉकरही धडधाकट भासतो. म्हणून त्याची परीक्षा भर दुपारी नव्हे, तर गाडी रात्रभर उघड्यावर थंड झाल्यावर घ्यावी. दार अर्धे उघडून, हात जवळच ठेवून, हलकेच सोडावे. ते खाली झुकत असेल, पूर्ण उघडल्यावर टिकत नसेल किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसत असेल, तर शॉकर बदलण्याची वेळ आली आहे. किनाऱ्यावरील खारी हवा दांड्यावर गंज धरवते आणि तो खरखरीत पृष्ठभाग सील कुरतडतो. प्रवासातील धूळही तेच करते. दांडा कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावा. ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ चिकटते.

नवा शॉकर घेताना पूर्ण उघडलेली लांबी, दांड्याची चाल, टोकांची रचना आणि नळीवर छापलेले न्यूटनमधील बल या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. ‘अधिक जोराचा तो अधिक चांगला’ हा समज घातक आहे. जास्त बलाने दार उसळते आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. एकच शॉकर बदलल्यास दाराला पीळ पडतो, म्हणून जोडी एकदमच बदलावी.

काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. गाडी सपाट जागी, वाऱ्यापासून आडोशाला उभी करून हँडब्रेक ओढावा. दार पूर्ण उघडून दुसऱ्या व्यक्तीला ते घट्ट धरायला सांगावे. झाडूच्या दांड्यावर भिस्त ठेवू नये. शॉकरच्या टोकाच्या खोबणीत गोल डोक्याचा बोल्ट बसलेला असतो आणि बाहेरून पत्र्याची चाप असते. बारीक चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने ती चाप किंचित उचलून टोक ओढून काढावे. एका बाजूचा नवा शॉकर बसल्याशिवाय दुसरीकडे हात लावू नये. नवा शॉकर हाताने दाबला जात नाही. दार पूर्ण उघडे असतानाच तो बसतो. दार मिटल्यावर दांडा खालच्या दिशेला राहील अशी मांडणी करावी, म्हणजे आतील तेल सीलवर राहून तिला कोरडी पडू देत नाही. टोक ‘कट्’ आवाजासह बसले, की दार सावकाश मिटून पाहावे. विजेवर उघडणाऱ्या दारांचे काम मात्र कंपनीच्या कार्यशाळेकडेच सोपवावे.

बॉनेटलाही हीच रीत लागू आहे; मात्र अनेक लहान गाड्यांत तेथे साधी लोखंडी दांडीच असते आणि ती थंडीत दगा देत नाही.

काढलेल्या शॉकरविषयी सर्वाधिक सावधगिरी हवी. दार पेलत नसला, तरी त्याच्या आत मोठा दाब शिल्लक असतो. तो कापणे, भोक पाडणे किंवा जाळात टाकणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. भंगारात देताना हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण धोका तेथे कटर हाती घेणाऱ्या कामगाराला असतो.