गिऱ्हाईक घर बघायला येतंय!

जुना फ्लॅट विकायला काढला की घरात पहिली चर्चा खर्चाची. नवे पडदे घ्यायचे का? सोफ्याचं कापड बदलायचं का? पीओपी करून घ्यायचं का? जरा थांबा! विकायच्या घरात सगळ्यात जास्त फरक पडतो तो जवळजवळ फुकटातल्या कामांनी, आणि त्यामागची कारणं भलतीच मजेदार आहेत.

विक्रीसाठी घर मांडून दाखवण्याचा रीतसर व्यवसाय अमेरिकेतला. सिएटल परिसरात घरं विकणाऱ्या बार्ब श्वार्झ यांना १९७२पासून त्याचं श्रेय दिलं जातं. आणण्याआधी काढा, हा या धंद्यातला पहिला धडा. कपाटावरच्या बॅगा, बाल्कनीतली मोडकी सायकल, दारामागचे कपडे आधी हलवा. गिऱ्हाईक कपाट उघडून बघतंच. ते निम्मं रिकामं दिसलं की ‘इथे जागा आहे’ हे न सांगता कळतं.

मग दिवे. एका खोलीत पिवळा, दुसरीत निळसर पांढरा असा उजेड असला की चांगलं घरही कळाहीन दिसतं. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो : २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराफटक. कुठलाही एकच निवडा आणि घरभर तोच लावा. खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या धुतल्या तर दिवसा दिवे लावायचीही गरज पडत नाही.

पांढऱ्या भिंतीची युक्ती तर आपल्या आज्यांना पाठ होती. चुन्यात चिमूटभर नीळ! पिवळट झाक निळ्याने मारली जाते आणि डोळ्यांना भिंत अधिक शुभ्र वाटते. एकेकाळी हा निळा रंग लाजवर्दी दगड कुटून मिळायचा आणि फार महाग पडायचा. तो स्वस्तात बनवणाऱ्याला फ्रान्समध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं होतं. ते १८२८मध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने पटकावलं. आज त्याच प्रकारचा रंग वाण्याकडे नगण्य किमतीत मिळतो.

आता सावधगिरीची गोष्ट, कारण इथे पुष्कळ जण फसतात. बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर चढतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की ते विरघळतात, कारण तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पण हेच रसायन शहाबादी फरशीत आहे, कोटा दगडात आहे, कडप्प्याच्या ओट्यातही आहे. तिन्ही चुनखडीचे दगड. नळ चमकवणारं व्हिनेगर किंवा लिंबू तिथे सांडलं की दगडाची झिलई जाते आणि डाग कायमचा राहतो. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर तेवढी भीती नाही. कडप्प्याला मात्र सौम्य साबण आणि पाणी, बस्स.

वासाचंही एक गणित आहे. स्वित्झर्लंडमधल्या गृहसजावटीच्या एका दुकानात संशोधकांनी काही दिवस नुसत्या संत्र्याचा वास ठेवला, काही दिवस संत्र्यात तुळस आणि ग्रीन टी मिसळून. साध्या वासाच्या दिवसांत गिऱ्हाइकांनी सुमारे २० टक्के जास्त खर्च केला. तेव्हा फिनेल, उदबत्ती आणि रूम फ्रेशनर यांची भेळ नको. घर हवेशीर ठेवा. हवंच असेल तर पातेल्यात संत्र्याची साल उकळवा.

रंगाचंही ऐका. झिलो या अमेरिकी कंपनीने २०१७मध्ये विकल्या गेलेल्या घरांचे हजारो फोटो तपासले. फिकट निळ्या बाथरूमची घरं अपेक्षेपेक्षा सुमारे ५,४०० डॉलर जास्त मिळवून गेली होती. म्हणून लगेच डबा उचलू नका. निळं बाथरूम करणारा मालक बाकीचं घरही नीटनेटकं ठेवत असेल.

एका गोष्टीला मात्र रंग लावू नका : ओलीला. भिंतीत मुरलेलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक रंगाला आतून ढकलतात. नव्या रंगाचेही पापुद्रे निघतातच. वरच्या मजल्यावरची गळती आधी शोधा, आणि जे उरेल ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. तो आयुष्यभराची पुंजी ओततोय.

किमतीचं काय? १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी काही जणांना साधे मग दिले. ज्यांना मग मिळाले त्यांनी मागितलेली किंमत, घेणारे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास निघाली! मगाची ही कथा, तर जिथे पोरं लहानाची मोठी झाली त्या घराचं काय होत असेल? म्हणून आकडा मनाने ठरवू नका. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आसपासच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, मोफत शोधता येते, आणि तिच्यात मोबदल्याची रक्कम लिहिलेली असते.