पाव सेकंदाचा बचाव

टोकियो ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ रोजी भारत आणि जर्मनी यांच्यात पुरुष हॉकीच्या ब्राँझपदकाची लढत झाली. १-३ असा पिछाडीवर पडलेला भारत ५-४ असा पुढे गेला होता. खेळ संपायला अवघे ६.८ सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने तो अडवला आणि ऑलिंपिक हॉकीतील भारताचा ४१ वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपला.

कौतुक गोलरक्षकाचे झाले आणि ते योग्यच होते. पण पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकाच्या अंगावर हेल्मेट, छातीचे कवच आणि जाड पॅड असतात. त्याच्या आधी चेंडूच्या दिशेने झेपावतो तो ‘फर्स्ट रशर’. या बचावपटूकडे मास्क, हातमोजे, गुडघ्याचे पॅड अशी मोजकीच साधने असतात. भारतासाठी हे काम अनेक वर्षे अमित रोहिदासने केले आहे. हे काम किती धोक्याचे आहे, हे साध्या गणितातून कळते.

गणित काय सांगते?

हॉकीच्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढेच असते. पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षकासह पाच बचावपटू गोलरेषेमागे उभे राहतात. आक्रमक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू आत ढकलतो, ‘डी’च्या टोकाशी दुसरा तो थांबवतो आणि तिसरा फटका मारतो. हे सगळे दोनेक सेकंदांत उरकते.

पहिला फटका जोरात ‘हिट’ केलेला असेल, तर तो ४६० मिलिमीटरपेक्षा उंच जाऊन चालत नाही. गोलमधील फळीची उंची तेवढीच असते. ड्रॅगफ्लिकला मात्र ही मर्यादा नाही. त्यात चेंडू स्टिकला चिकटवून ओढत आणला जातो आणि कंबर व धड फिरवून भिरकावला जातो. त्यामुळे तो छातीच्या किंवा चेहऱ्याच्या उंचीनेही येऊ शकतो.

चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर तो एका सेकंदात सुमारे २८ मीटर कापतो. ‘डी’ची रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर असते. म्हणजे गोलरक्षकाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. पुढे धावून गेलेला रशर फटक्याच्या क्षणी पाच-सहा मीटरवर असेल, तर त्याच्या वाट्याला येतो साधारण ०.२ सेकंद; पाव सेकंदही नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला शरीराने पहिला प्रतिसाद देण्यासाठीच तेवढा वेळ लागतो. चेंडू अंगावर येतोय हे कळेपर्यंत तो आलेला असतो. रशर म्हणूनच चेंडू बघून हलत नाही. फ्लिकरची पावले, खांदा आणि स्टिकचा कोन यांवरून तो आधीच अंदाज बांधतो आणि स्टिक व शरीर त्या रेषेत आणतो. हा अंदाज सरावातून येतो. तो चुकला, तर सुटका करून घेण्याएवढा वेळ निसर्गाने कोणालाच दिलेला नाही.

मास्क काय करतो, काय नाही

मास्कमुळे चेंडूचा आघात चेहऱ्यावर एकाच जागी न बसता पसरतो. डोळा, नाक, गालाचे हाड आणि जबडा यांची गंभीर इजा टळण्याची शक्यता वाढते. पण मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात असतो. आघाताने डोके झटक्यात हलले की मेंदूही हादरतो. मास्क हा हादरा थांबवत नाही. हाड शाबूत असले, त्वचेवर ओरखडाही नसला, तरी ‘कन्कशन’ म्हणजे मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते, असेही नाही.

खेळाचे नियम हा धोका ओळखतात. पाच मीटरच्या आतल्या बचावपटूला पहिला फटका गुडघ्याच्या खाली लागला, तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर दिला जातो. नेहमीच्या पवित्र्यात गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर तो फटका धोकादायक ठरून बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट मिळते. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २०२३ मध्ये पेनल्टी कॉर्नरची बदललेली पद्धत प्रायोगिक तत्त्वावर तपासण्याची घोषणा केली, तीही बचावपटूंच्या सुरक्षिततेचा विचार करूनच.

शाळेच्या मैदानावर

राष्ट्रीय संघासोबत डॉक्टर आणि फिजिओ असतात. पुण्यातील खडकीसारख्या, धनराज पिल्ले घडवणाऱ्या हॉकीच्या वस्त्यांत सराव करणाऱ्या मुलांजवळ बहुतेक वेळा फक्त प्रशिक्षक असतो. मोठ्या स्पर्धा पाहून मुले ड्रॅगफ्लिक शिकतात. समोर धावणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मास्क असतोच असे नाही. पेनल्टी कॉर्नरच्या सरावालाही मास्क हवा आणि तोंडात माउथगार्ड तर प्रत्येक सरावाला हवे. सुरुवातीला ड्रॅगफ्लिकचा सराव समोर रशर न ठेवता, रिकाम्या गोलवर करून घेता येतो.

डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळलेले दिसले, तोल जाऊ लागला, डोकेदुखी, मळमळ किंवा अंधूक दिसण्याची तक्रार केली, तेच तेच विचारू लागले, तर त्याला लगेच मैदानाबाहेर घ्यावे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, फिट, हातापायांत अशक्तपणा किंवा मानेत तीव्र वेदना असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. इतरांनीही डॉक्टरांना दाखवावे. पहिले एक-दोन दिवस मोबाइल आणि अभ्यासाचा ताण कमी ठेवून हलके चालणे-फिरणे चालते. त्यानंतर टप्प्याटप्प्याने सराव वाढवावा आणि अंगावर चेंडू येणारा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करावा. पहिला धक्का भरून निघण्याआधी दुसरा बसला, तर बरे व्हायला खूप अधिक वेळ लागू शकतो.

कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. घाण लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने क्षणभर धुवावा, घासू नये. जमल्यास लगेच त्याच जागी बसवावा, नाहीतर दुधात ठेवून शक्यतो तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

शाळेच्या संघाला नवी स्टिक घेताना दोन-तीन चांगले मास्क घेतले, तर ते साऱ्या संघात आळीपाळीने वापरता येतात. प्रत्येकाचे माउथगार्ड मात्र स्वतःचेच हवे. आणि प्रशिक्षकाला कन्कशनची लक्षणे पाठ असायला हवीत, पेनल्टी कॉर्नरच्या डावपेचांइतकीच.